आजार सापडला आखातात, बोल लागला आईला



रविवारी विहारातून घरी येऊन चपला काढतेय तोच मागच्या गल्लीतल्या मावशी दारात उभ्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक्स-रे ठेवतात तसलं मोठं पाकीट. "सिस्टर, एवढं वाचून सांगा की. पोरगं परत आलंय, आन् समदी मलाच बोल लावायलेत."

पोरगं म्हणजे त्यांचा धाकटा, सव्वीस वर्षांचा. आधी यंत्रमागावर टॉवेलचं काम करायचा. कारखान्यात पाळ्या कमी झाल्या, तेव्हा एजंटाला पैसे भरून आखातातल्या एका देशात हॉटेलच्या स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून गेला. पैसे अर्थातच व्याजाने काढलेले. मुंबईला जाऊन मेडिकल केलं, रक्त, लघवी, शौच, छातीचा फोटो, सगळं पास. आठ महिने नीट गेले. एका सकाळी ताटांचा ढीग हातातून सुटला आणि तो खाली पडला. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस, दातांखाली जीभ. त्याला आठवतं ते एवढंच, की शुद्धीवर आला तेव्हा कपडे ओले होते आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

तिथल्या डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन केला, मग एमआरआय. मेंदूत एक छोटी गोल गाठ दिसली, गाठीत बारीक ठिपका. रिपोर्टवर नाव पडलं न्यूरोसिस्टिसर्कोसिस. खाली इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ असा की हा आजार जिथे कायम आढळतो त्या देशातून आलेला रुग्ण. डॉक्टरांचा पहिला प्रश्न केरळच्या एका नर्सने हिंदीत करून सांगितला, "घरी डुकरं आहेत का? डुकराचं मटण खाता का?" पोराने मान खाली घालून नाही म्हटलं. गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबली. पण कंपनीने स्वयंपाकघरातल्या कामाला अनफिट ठरवून परतीचं तिकीट हातात ठेवलं. एजंटाचा फोन तेव्हापासून बंद आहे. व्याज बंद नाही.

घरी आल्यावर त्याने हा डुकराचा प्रश्न एका मित्राला सांगितला. दोन दिवसांत तो गल्लीभर झाला. डुक्कर खाल्लं म्हणून डोक्यात किडा झाला, आईने खाऊ घातलं असणार. जवळच्या नात्यात सोयरीक जवळपास ठरली होती, ती मंडळी 'मागून कळवतो' म्हणाली.

"आम्ही खात हुतो सिस्टर, खोटं कशाला बोलू," मावशी म्हणाल्या. "माज्या सासूच्या वख्ताला. ह्यो पोटात असल्यापासनं घरात आणलं न्हाई. मग ह्याला कुठनं झालं?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मी त्यांना पाऊण तास बसून दिलं. तेच इथे लिहिते, कारण बोल लावणाऱ्यांत शिकलेली माणसंही होती.

हा जंत एकच, पण तो माणसाच्या शरीरात दोन वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि दोन वेगवेगळे आजार करतो. बहुतेक घोळ इथेच होतो. पहिली वाट डुकराच्या मटणाची. ज्या डुकराला लागण झालेली असते त्याच्या मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे असतात. तो दाणा म्हणजे पाण्याची इवली पिशवी आणि आत जंताचं डोकं. मटण कच्चं राहिलं आणि असा दाणा जिवंत पोटात गेला, तर आतड्यात पट्टकृमी वाढतो, लांब, चपटा, फितीसारखा. दोन महिन्यांत तो पुरा वाढतो आणि काही मीटर लांब होतो. माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही. कधी पोट दुखतं, कधी शौचातून पांढऱ्या फितीचे चपटे तुकडे पडतात, बहुतेकांना पत्ताच नसतो. आजार एवढाच असता तर मी हा लेख लिहिला नसता. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने तो जंत पडून जातो.

दुसरी वाट डुकराची नाहीच, ती माणसाची आहे. पट्टकृमीच्या प्रत्येक तुकड्यात हजारो अंडी असतात आणि ती माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. उघड्यावरचं शौच डुकराने खाल्लं की अंडी डुकराच्या पोटात जातात आणि त्याच्या मांसात दाणे होतात. पण तीच अंडी माणसाच्या तोंडात गेली तर? मग माणसाच्या शरीरात तेच होतं जे डुकराच्या शरीरात होतं. अंड्यातली अळी आतड्याची भिंत पार करून रक्तातून फिरते, स्नायूत, डोळ्यात, मेंदूत जाऊन बसते आणि तिथे पाण्याची पिशवी करून राहते. मेंदूत राहिली तर ते न्यूरोसिस्टिसर्कोसिस. ती जिवंत असते तोवर बऱ्याचदा गप्प असते. मरायला लागली की आजूबाजूला सूज येते आणि माणसाला फिट येते.

म्हणजे मेंदूतला जंत डुकराचं मटण खाल्ल्याने होत नाही. कुणाच्या तरी शौचातली अंडी कुणाच्या तरी हाताने, भाजीने, पाण्याने तोंडापर्यंत पोचल्याने होतो. ज्याच्या पोटात पट्टकृमी आहे त्याने शौचानंतर हात धुतले नाहीत, तर तो स्वतःलाही हा आजार देऊ शकतो आणि ज्यांना वाढतो त्यांनाही. म्हणूनच आपल्या देशातल्या रुग्णालयांत या आजाराचे कितीतरी रुग्ण जन्मभर शाकाहारी असलेले निघतात. कांदालसूणही न खाणाऱ्या घरातली मुलंसुद्धा.

मटणाचा काहीच संबंध नाही असंही मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. कच्चं राहिलेलं मटण कुणीतरी कुठेतरी खाल्लं म्हणून पट्टकृमी झाला आणि तिथून पुढची साखळी लागली. पण तो खाणारा कुणीही असेल, महागड्या हॉटेलात सॉसेज खाणाराही. मटण आतपर्यंत शिजलं, गुलाबी भाग राहिला नाही, तर दाणा मरतो. ज्यांना खायचं त्यांनी नीट शिजवून खावं आणि मान वर ठेवून खावं.

हे सांगत असताना मावशींची सून मध्येच म्हणाली, "ते कोबीतला किडा डोक्यात जातो म्हणत्यात, ते हेच का?" ही गोष्ट मी वीस वर्षं ऐकतेय. कोबीत दिसणारी हिरवी अळी वेगळी. ती फुलपाखराची किंवा पतंगाची पोर, तिचा या आजाराशी काही संबंध नाही. ती डोळ्यांना दिसते, ही अंडी दिसत नाहीत. पण कोबीच्या गोष्टीत सत्याचा एक दाणा आहे. ज्या मळ्यात घाणपाणी शिरतं तिथल्या कोबीच्या पानांत अंडी अडकू शकतात. मग कोबीच का, आपण सोलापूरकर भाकरीबरोबर कच्ची मेथी खातो, कांद्याची पात खातो, मुळा खातो, वरून कोथिंबीर. कोबीला घाबरून मेथी न धुता खाणारी माणसं मी पाहिली आहेत. पालेभाजी एकेक पान चोळून, वाहत्या पाण्यात दोनतीनदा धुवायची. माहीत आहे, आपल्याकडे नळाला चारपाच दिवसांनी पाणी येतं आणि वाहतं पाणी म्हणणं सोपं आहे. मग ज्या दिवशी भाजी धुवायला पाणी नाही त्या दिवशी ती शिजवून खा. शिजलं की अंडी मरतात. आशाताई देतात त्या मेडिक्लोरच्या थेंबांनी पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात, पण ही अंडी त्याला दाद देत नाहीत. शंका असेल तर पाणी उकळा.

आता तो दुसरा प्रश्न. हे त्याला आखातात झालं की इथे? गल्लीत दोन्ही मतं होती. एकजण म्हणे, तिकडचं खाणं बाधलं. खरं उत्तर सांगायला मला जुनी गोष्ट सांगावी लागली, इंग्रज गोऱ्या सोल्जरांची.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा विलायतेतून पलटणी यायच्या, हिंदुस्थानात काही वर्षं राहायच्या आणि परत जायच्या. परत गेलेल्या काही शिपायांना तिकडे फिट यायला लागल्या. इंग्लंडात हा आजार जवळपास नव्हताच, त्यामुळे कुणाच्या मनात तो येईना. कागदावर नुसतं अपस्मार लिहून त्यांना फौजेतून काढलं जाई. १९३० नंतरच्या वर्षांत लष्करी डॉक्टर विल्यम मॅकआर्थर यांनी हे कोडं धरून ठेवलं. या शिपायांच्या कातडीखाली बारीक गाठी लागत होत्या. एक्स-रेत मांडीच्या स्नायूंत तांदळाच्या दाण्यासारखे चुन्याचे ठिपके दिसत होते, म्हणजे मेलेल्या अळ्या. आणि बहुतेकांमध्ये समान गोष्ट एकच, हिंदुस्थानातली नोकरी. पुढे डिक्सन आणि लिप्सकोम या दोन डॉक्टरांनी अशा ४५० रुग्णांचा वर्षानुवर्षं माग काढून १९६१ साली अहवाल छापला. त्यातली आपल्या कामाची गोष्ट ही, की लागण झाल्यापासून पहिली फिट येईपर्यंत सरासरी जवळपास पाच वर्षं गेलेली होती. काहींच्या बाबतीत त्याहून कितीतरी जास्त.

पाच वर्षं आणि आपल्या पोराचे तिकडचे आठ महिने. हिशेब तुम्हीच करा. बहुधा तो गेला तेव्हाच ती गाठ त्याच्याबरोबर गेली होती. मुंबईच्या मेडिकलमध्ये ती सापडणं शक्य नव्हतं. शौचाच्या तपासणीत पोटातला जंत दिसेल, मेंदूतला नाही, आणि परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याचा स्कॅन कुणी करत नाही. त्याने काही लपवलं नव्हतं आणि कुणाला फसवलंही नव्हतं.

तिकडे तो लगेच ओळखला गेला याचंही मला नवल वाटत नाही. परदेशातल्या डॉक्टरांना आपल्याकडचा माणूस आणि फिट हे दोन्ही एकत्र दिसलं की हा आजार आठवतो. आपल्याकडे मात्र मी उलटंही पाहिलंय. नर्सिंगचा डिप्लोमा करून नुकती लागले होते तेव्हाची गोष्ट. मी काम करायचे त्या खाजगी दवाखान्यात फिट येणारी चौदा वर्षांची मुलगी आली. स्कॅनमध्ये अशीच एक गाठ. डॉक्टरांनी टीबीची गाठ म्हणून वर्षभराची औषधं लिहून दिली. मुलीचे डोळे पिवळे पडले, शाळा सुटली. नंतर दुसऱ्या शहरात दाखवल्यावर कळलं की ती टीबीची गाठ नव्हती. त्या वेळी मला एवढंच माहीत होतं की डॉक्टरांनी लिहिलं ते द्यायचं. मी स्वतःच्या हाताने तिला त्या गोळ्या मोजून दिल्या होत्या.

नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. देशभर हीच चूक वर्षानुवर्षं होत होती. फिट आलेल्या माणसाच्या मेंदूत एक छोटी गाठ दिसली की भारतात टीबी समजायची रीत होती. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच या जंताच्या निघाल्या. गाठीचा आकार किती, कडा कशी, यावरून दोन्हींतला फरक कसा ओळखायचा हे त्यांनी घालून दिलं. आज चांगला मेंदूतज्ज्ञ तो फरक ओळखतो. तरीही कुणी स्कॅनवर बोट ठेवून वर्षभराची टीबीची औषधं सांगितली, तर 'साहेब, ही जंताची गाठ नाही ना?' एवढं विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता जे सांगणार आहे ते आपल्या घरोघरच्या बायकांसाठी, बंगल्यांवर पोळ्या-भांडी करणाऱ्यांसाठी.

१९९०-९१ च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात चार माणसांना हा मेंदूचा आजार निघाला. चारही ज्यू धर्माची कडक शिस्त पाळणाऱ्या समाजातली. ज्यू धर्मात डुक्कर निषिद्ध, त्याला हातही लावत नाहीत. अमेरिकेत हा आजार सहसा बाहेरच्या देशांतून आलेल्या माणसांत सापडायचा. मग यांना कुठून झाला? सरकारी डॉक्टरांनी घरोघर जाऊन तपास केला. या घरांत स्वयंपाकाला आणि मुलं सांभाळायला दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या गरीब देशांतून आलेल्या बायका होत्या. त्यांच्यातल्या सहाजणींना तपासलं, एकीच्या पोटात पट्टकृमी सापडला. तिला स्वतःला त्याची खबरही नव्हती. हा तपास १९९२ साली छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांना कळून चुकलं की डुक्कर न खाणाऱ्या घरातही हा आजार शिरतो. कुवेतमध्येही पुढे तसंच दिसलं. तिथल्या स्थानिक रुग्णांच्या घरी परदेशातून आलेल्या कामवाल्या होत्या. २००४ साली तेही छापून आलं.

त्या तपासातून शिफारस अशी निघाली की अशा देशांतून आलेल्या बायकांना घरकामावर घेण्याआधी पोटातल्या जंतासाठी तपासावं. वैद्यकीय दृष्टीने शिफारस चुकीची नाही. पण हे वाचताना मला आपल्याकडच्या बंगल्यांची आठवण झाली. उद्या एखाद्या शेठाणीने हे कुठेतरी वाचलं की पहिली कामावरून कोण जाईल? आपली बाई. ती गेल्यावर तिच्या जागी दुसरी येईल आणि जंत जिथल्या तिथे राहील. औषधाला एक दिवस लागतो, बाईला काढायलाही एकच दिवस. जंत औषधानेच जातो.

माझा सवाल वेगळा आहे. किती बंगल्यांत कामवालीला घरातला संडास वापरू देतात? भांडी तिने घासायची, कणीक तिने मळायची, कोशिंबिरीची काकडी तिने चिरायची, पण संडासला जायचं म्हटलं की 'घरी जाऊन ये'. चार घरची कामं करणारी बाई आठ तास दाबून धरते, नाहीतर मागच्या मोकळ्या जागेत जाते. तिथे पाणी नाही, साबण नाही. त्याच हाताने परत कणीक. ज्यांना आपल्या ताटाची काळजी आहे त्यांनी आधी संडासाचं दार उघडावं आणि आत साबण ठेवावा. ही विनंती नाही, रोगप्रतिबंध आहे, आणि मालकिणीला तसंच सांगा. नखं कापा, पोळ्या करायच्या आधी आणि शौचानंतर साबणाने हात चोळून धुवा. शौचात पांढरे चपटे तुकडे दिसले तर लाजून गप्प बसू नका. सरकारी दवाखान्यात शौच तपासून द्या. एका तपासणीत अंडी सापडतीलच असं नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी द्या.

दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवायचा मोह आपल्यालाही आहे. मावशींकडे बसलेल्या एकाने लगेच नाल्यापलीकडे डुकरं पाळणाऱ्यांचं नाव घेतलं. "त्यांच्यामुळेच झालंय हे." मी त्याला थांबवलं. डुक्कर काही अंडी बनवत नाही, ती माणसाच्या पोटात बनतात. डुकराला ती आपण उघड्यावर वाढतो. सार्वजनिक संडासाला पाणी नाही, टाकी भरून नाल्यात वाहते आणि डुकरं तिथे येतात. मग दोष डुकरं पाळणाऱ्याचा की टाकी वेळेत न उपसणाऱ्याचा? पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी आपल्याकडे बोट दाखवून नाक दाबलं, ते बोट आता पुढच्या गल्लीकडे वळवायचं नाही. डुकरांना या जंताची लागण होऊ नये म्हणून लस निघालेली आहे, आणि ती बनते कुठे तर आपल्या शेजारी हैदराबादला. आपल्या नाल्यावरच्या डुकराला ती टोचताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही. महापालिकेकडे जाल तेव्हा नुसतं 'डुकरं उचला' असा अर्ज देऊ नका. संडासाला पाणी, टाकीचा उपसा आणि डुकरं पाळणाऱ्यांसाठी बंदिस्त जागा, हे तिन्ही एकाच अर्जात लिहा.

औषधाबद्दल दोन गोष्टी सांगते, या दोन्हींत मी माणसं बिघडलेली पाहिली आहेत. पहिली, 'डोक्यात जंत आहे ना, मग जंताची गोळी घेऊ' म्हणून दुकानातून आल्बेंडाझोल आणून स्वतःच खाणं. मेंदूतली अळी मरताना सूज येते. सूज आवरण्याची औषधं बरोबर नसतील तर फिट वाढतात, डोकं फुटेल असं दुखतं. डोळ्यात अळी असेल तर नजर जाऊ शकते, म्हणून डॉक्टर आधी डोळे तपासतात. कुणाला ही गोळी द्यायची आणि कुणाला नाही, हे स्कॅन बघून ठरतं. वाळून चुना झालेल्या गाठीला ती लागतच नाही. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मुलांना मिळणारी गोळी मात्र जरूर द्या, ती वेगळ्या कामाची आहे. ज्या मुलाला आधी कधी फिट आली असेल त्याच्याबद्दल तेवढं सिस्टरला आधी सांगा.

दुसरी, फिटच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मधेच सोडणं. या आजाराच्या फिट बऱ्याच जणांच्या कायमच्या थांबतात, गोळ्याही काही काळाने बंद होतात, पण कधी आणि कशा ते डॉक्टर ठरवतील. एक दिवस गोळी विसरली म्हणून रिक्षा चालवताना पडलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे.

आणि फिट आली तर? चप्पल हुंगवू नका, कांदा नको, तोंडात चमचा नको, हातपाय दाबून धरणं नको. कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सोडा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा एकामागून एक आली तर १०८ ला फोन. पुरती शुद्ध येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नको. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात फिट आलेल्या पोरीला अंगात आलं म्हणून भगताकडे नेलेलं मी पाहिलंय. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, त्या घरच्यांना लिहिलेलं कळेल.

राहिली ती सोयरीक. पूर्वी कायद्यातच अपस्मार असलेल्या माणसाचं लग्न अडत होतं. हिंदू विवाह कायद्यात, जो आपल्या बौद्धांनाही लागू आहे, वेडाच्या जोडीला अपस्माराचं नाव होतं. १९९९ साली दुरुस्ती होऊन ते शब्द काढले. फिट येते म्हणून लग्न अवैध ठरत नाही. लपवून लग्न लावू नका, आजार सांगा, रिपोर्ट दाखवा. पण सांगताना 'डुकराचा किडा' म्हणून सांगू नका. मेंदूत जंताची गाठ होती, औषध चालू आहे, फिट थांबली आहे, असं सांगा. हा आजार एकाकडून दुसऱ्याला शिवून लागत नाही, पोराबाळांत रक्तातून उतरत नाही.

मावशींच्या घरच्या सगळ्यांची शौचतपासणी केली, तीन-तीन वेळा. कुणाच्याच पोटात काही निघालं नाही. त्याला अंडी कुणाकडून आली ते आता कधीच कळणार नाही. पाच-सात वर्षांपूर्वीच्या एखाद्या भेळेतून, मेथीच्या जुडीतून, कारखान्याबाहेरच्या पाण्याच्या ग्लासातून, कुठूनही. पोरगं सध्या टॉवेलच्या गाठी बांधायच्या कामाला जातं. मागावर काही काळ नको असं डॉक्टरांनी सांगितलंय, कारण फिट आली तर हात अडकेल. सकाळ-संध्याकाळ आठला मोबाइल वाजतो, गोळी घेतो. सहा महिने झाले, फिट नाही. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर.

त्या रविवारी जाताना मावशी म्हणाल्या, इंग्रजी कागद लोकांना वाचता येत नाही, तुम्ही मराठीत लिहून द्या. मी वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या. हा आजार डुकराचं मटण खाल्ल्याने होत नाही, अस्वच्छ हातातून किंवा अन्नातून गेलेल्या अंड्यांनी होतो, शाकाहारी माणसालाही होतो, औषध आहे. खाली सही केली, नोंदणीकृत परिचारिका असं लिहिलं. कुणी काही बोललं की त्या ब्लाऊजातून तो कागद काढतात आणि वाचायला देतात. परवा परत आल्या होत्या. घड्यांवर कागद फाटायला आलाय, म्हणाल्या, अजून एक लिहून द्या, आन् औंदा जरा मोठ्या अक्षरात.